जुन्या खाणीतला नवा धंदा

भंडारा जिल्हा म्हटला की तळी, धानाच्या बांध्या, पितळेची भांडी आणि विड्या एवढे चटकन आठवते. या यादीत एका काळ्या दगडाचीही भर घातली पाहिजे. तुमसर रोडहून तिरोडीकडे रेल्वेचा एक फाटा जातो. त्यावर गोबरवाही ओलांडले की डोंगरी बुजुर्ग लागते. बुजुर्ग म्हणजे थोरले. आपण बुद्रुक म्हणतो तेच. इथली मँगनीजची खाण उघडी आहे, म्हणजे डोंगर वरूनच पायऱ्यापायऱ्यांनी कापीत नेलेला. जवळच्या चिखल्याला मात्र माणसे जमिनीच्या पोटात उतरतात. जुन्या, जम बसलेल्या कंपनीने नवा धंदा कसा उभारावा, हा प्रश्न आज मोठमोठ्या शहरांत चर्चिला जातो. त्याचे एक उत्तर या आडबाजूच्या डोंगरीत सापडते.

आधी थोडा मागचा इतिहास पाहू. १८९६ साली मध्य प्रांतात खनिजांचा शोध घेण्यासाठी एक इंग्रजी मंडळी स्थापन झाली. पुढे ती सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी या नावाने ओळखली जाऊ लागली. विसाव्या शतकाच्या तोंडाशी रामटेकजवळ मनसरला खोदाई सुरू झाली आणि बघता बघता नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यात खाणींची रांग लागली. फर्मर नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने हा सारा मुलूख पायाखाली घातला आणि १९०९ साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. इथल्या एका खडकाला त्याने ‘गोंडाइट’ असे नाव दिले. गोंडांचे नाव अशा रीतीने जगाच्या भूगर्भशास्त्रात गेले!

पण धंदा कसला होता? खणायचे, फोडायचे, निवडायचे, वाघिणी भरायच्या आणि बंदराकडे रवाना करायचे. मँगनीजवाचून चांगले पोलाद होत नाही, आणि पोलादाच्या भट्ट्या होत्या समुद्रापलीकडे. तेव्हा भाव तिकडे ठरायचा आणि चूल इकडे पेटायची. १९०५ साली रशियात उठाव झाले, तिकडचा माल अडला आणि आपल्या खाणींना बरकत आली. उलट १९२७च्या सुमारास साऱ्या हिंदुस्थानातून वर्षाला दहा लाख टनांहून जास्त मँगनीज निघत होते, ते जागतिक मंदीच्या तडाख्यात १९३२ साली दोन लाखांच्या आसपास आले. विशाखापट्टणमचे नवे बंदर बांधताना मध्य प्रांतातील मँगनीज डोळ्यांपुढे होते. ते उघडले १९३३ साली, ऐन मंदीत! टोपलीवर पोट असणाऱ्या माणसाला या घसरणीचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर मालकी बदलली. १९६२ साली मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड ही कंपनी निघाली. ५१ टक्के भाग केंद्र सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी घेतले. ४९ टक्के जुन्या कंपनीकडे राहिले. १९७७ साली तेही सरकारने घेतले. २०१० साली कंपनीचे काही भाग बाजारात विकायला आले आणि नावही आटोपशीर झाले: मॉइल. मालक बदलला, पाटी बदलली. परंतु दगड खणून विकणे हाच धंदा राहिला, तर भावाच्या लहरीपासून सुटका कशी व्हावी?

उत्तर दगडातच होते. डोंगरी बुजुर्गच्या खनिजात मँगनीज डायऑक्साइड भरपूर असते. आपल्या टॉर्चमधला आणि खेड्यापाड्यांत ट्रान्झिस्टर बोलता ठेवणारा सेल उघडून पाहा; आत काळी पूड दिसेल. त्या पुडीत कोळशाच्या भुकटीबरोबर हेच द्रव्य असते. डोंगरीचा माल सेलच्या कारखान्यांकडे जात होताच. मग या दगडापासून अधिक शुद्ध पूड इथेच का करू नये? गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात खाणीच्या बाजूलाच तसा कारखाना उभा राहिला, आणि तोही देशी तंत्रावर. कृती सांगायला सोपी आहे. खनिज भाजून गंधकाम्लात विरघळवायचे, द्रावण शुद्ध करायचे आणि त्यातून वीज सोडायची. शुद्ध डायऑक्साइड पत्र्यावर थरांनी साचतो. तो खरवडून, धुऊन दळायचा. बालाघाटला भट्टी घालून फेरोमँगनीज करणे हे दुसरे पाऊल. देवास जिल्ह्यातील टेकड्यांवर पवनचक्क्या उभारून वीज करणे हे तिसरे.

कोणी म्हणेल, याचे एवढे कौतुक कशाला? पुडीच्या कारखान्याची क्षमता वर्षाला १,५०० टन, आणि कंपनीने २०२३-२४ साली खणलेले खनिज साडेसतरा लाख टनांच्या घरात. हजारी एक टनसुद्धा भरत नाही! हिशेब बरोबर आहे. पण अंथरूण पाहून पाय पसरले, हेच त्यातले शहाणपण होय. जुन्या धंद्याने भाकरी मिळवायची आणि नव्याने शिकायचे, अशी ही वाटणी आहे. नवा धंदा परक्या मुलखातून उचलून आणला नाही. जो दगड तीन पिढ्यांनी हाताळला, त्याचाच एक गुण पारखून तो उभा केला. लहान असल्याने तो चुकला असता तरी घर बुडाले नसते. आणि मोठ्या घराच्या आश्रयाला असल्याने पहिल्याच वर्षी नफा दाखव, असा तगादा त्याच्यामागे लागण्याचे कारण नव्हते.

मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. धानाचे पीक दरसाल येते, दगडाचे एकदाच. डोंगरी कितीही थोरली असली तरी तिला तळ आहे. म्हणून खाणीच्या कंपनीला नवा धंदा ही हौस नव्हे; ती तिच्या गावांची उद्याची सोय आहे. वाघीण भरून गेली की मागे खड्डा उरतो. कारखान्यात शिकलेला हात मात्र गावातच राहतो, आणि तो पुढे दुसरेही काम करू शकतो. भंडाऱ्याने या काळ्या दगडापासून घ्यायचा धडा हाच आहे.