प्रवराकाठचे नेवासे

सुप्याहून नगरमार्गे ईशान्येला गेले की प्रवरेच्या काठी नेवासे लागते. आपण साहित्याची माणसे तेथे जातो ती पैसाचा खांब पाहायला, शके 1212 (इ.स. 1290) मध्ये ज्ञानेश्वरी येथे सांगितली गेली, ही त्या खांबाची ओळख. स्वतः खांबावरचा कोरीव लेख मात्र करवीरेश्वराच्या दिव्याला लागणाऱ्या तेलासाठी दिलेल्या दानाचा आहे. ग्रंथाच्या शेवटी ज्ञानदेव स्थळ सांगतात तेही गोदावरीच्या दक्षिण तीरावरचे पंचक्रोशी क्षेत्र म्हणून. ज्या प्रवरेच्या काठी गाव वसले, तिचे नाव तेथे नाही. ती पुढे टोक्याजवळ गोदावरीला मिळते.

या नदीचा पक्ष घेतला तो पुरातत्त्वाने. 1954 ते 1956 या काळात ह. धी. सांकलिया आणि सहकाऱ्यांनी लाडमोड टेकाड खणले. उत्खनन वरून खाली, म्हणजे काळाच्या उलट्या दिशेने जाते. 1960 च्या अहवालाचे शीर्षकही ‘इतिहासाकडून प्रागितिहासाकडे’ अशा अर्थाचे आहे. मध्ययुगीन वस्तीखाली सातवाहनकाळ, रोमन मद्यकुंभांची खापरे; त्याखाली तीन हजार वर्षांहून जुनी ताम्रपाषाणयुगीन घरे. नदीच्या वाळू-गोट्यांच्या थरांत तर त्याहूनही फार प्राचीन अश्मयुगीन हत्यारे.

त्या घरांच्या जमिनीखाली मातीच्या रांजणांत पुरलेली मुले सापडली. एकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांत ओवलेला दोराही अंशतः शिल्लक होता. खांबाला हात जोडून परतणाऱ्या अभ्यास-सहलींनी या टेकाडाकडेही वळावे.