शिक्षा आणि शिक्षण : ब्रिटिश अमदानीतील बालगुन्हेगार

पर्वत पाटियातील या विद्यामंदिरात हे स्मृतिव्याख्यान देताना भाषेचा अभ्यासक या नात्याने मी एका शब्दापासून आरंभ करतो. ‘शिक्षा’ म्हणजे संस्कृतात विद्या. मराठीत मात्र दंड. चुकलेल्या मुलाला यांपैकी कोणत्या अर्थाची शिक्षा द्यावी, हाच ब्रिटिश अमदानीतील बालन्यायाचा मूळ प्रश्न होता.

१८६० च्या दंड संहितेने सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा मानले नाही. सात ते बारा या वयात त्याची समज पाहावी, असे सांगितले. त्यापुढच्या मुलांना तुरुंगाचे दार मोकळेच होते. १८६४ च्या कायद्याने अल्पवयीनांना फटके देण्याची मुभा दिली. १९२१ मध्ये काशीत किशोरवयीन चंद्रशेखर आझादांना मिळाले ते असेच फटके.

दुसरी वाटही होती. १८५० च्या कायद्यान्वये किरकोळ गुन्हा केलेल्या मुलाला कारागिराच्या हाताखाली बांधून देता येई. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाचे सुधारगृह उभे राहिले. १८९७ च्या कायद्याने पंधरा वर्षांखालील दोषी मुलाला तुरुंगाऐवजी तीन ते सात वर्षे सुधारगृहात ठेवण्याची तरतूद केली. येथे थोडे थबकले पाहिजे. एरवी काही महिन्यांत सुटला असता असा मुलगा सुधारणेच्या नावाखाली वर्षानुवर्षे आईबापांना दुरावे. हेतू दयेचा असला, तरी कुलूप ते कुलूपच.

इंग्लंडात १९०२ मध्ये केंट परगण्यातील बोर्स्टल गावी तरुण कैद्यांसाठी नवा प्रयोग झाला. मुंबई इलाख्याने १९२९ मध्ये त्या धर्तीचा कायदा केला. इंग्लंडने मात्र १९८२ च्या कायद्याने ती पद्धतच मोडीत काढली. दरम्यान १९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांसाठी स्वतंत्र न्यायालये सुचविली आणि १९२४ मध्ये मुंबई इलाख्याचा बालकायदा आला. आपले सुरतही तेव्हा त्याच इलाख्यात होते.

स्वातंत्र्यानंतर, १९५५ मध्ये, फटक्यांची शिक्षा रद्द झाली. परंतु २०१५ च्या कायद्याने अतिगंभीर गुन्ह्यांत सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर प्रौढांप्रमाणे खटला चालविण्याची वाट उघडली. जुना प्रश्न अजून मिटलेला नाही.

शिक्षकबंधुभगिनींनो, वर्गातून नाहीसा झालेला मुलगा दंडाधिकाऱ्यासमोर उभा राहण्यापूर्वी आपण त्याच्या घरी गेले पाहिजे. ‘शिक्षा’ या शब्दाचा मूळ अर्थ जपण्याचे काम शाळेचेच आहे.