भावाची वार्ता आणि तिची प्रमाणता : चाकणची पेठ व कोरियाचे आभासी चलन

बाजारभावाच्या इतिहासात भाव किती होता या प्रश्नाइतकाच तो दूरच्या मनुष्यास कोणी व कसा कळविला हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. दक्षिण कोरियातील विनिमय केंद्रांवरून बिटकॉइनादी आभासी चलनांचे भाव आणून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटांना पुरविणारी संगणकीय साधने अलीकडे तयार होऊ लागल्यामुळे या प्रश्नास नवे महत्त्व आले आहे. साधन नवे असले तरी त्यातील अडचण पुणे प्रांतास अपरिचित नाही.

पेशवाईत 'रुपया' या एका शब्दाने एकच नाणे निर्दिष्ट होत नसे. पुण्याकडील अंकुशी, चांदवडची चांदवडी, बागलकोटची मल्हारशाही अशी निरनिराळी नाणी एकाच वेळी चालत. चिंचवड येथेही टांकसाळ होती. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी मराठेशाहीतील चलन व टांकसाळी यांवरील 1899 मधील निबंधात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रचलित असलेल्या 38 सुवर्णनाण्यांचा व 127 रौप्यनाण्यांचा निर्देश केला आहे. अशा स्थितीत शंभर रुपये म्हणजे किती, याचे उत्तर नाण्याचे नाव, त्याचा कस आणि बाजाराचे ठिकाण कळल्याखेरीज देता येत नसे. तो फरक सराफ बट्ट्याने काढी आणि दूरच्या गावी पैसा पोहोचविण्याचा मोबदला हुंडणावळीत धरी. कंपनी सरकारने 1835 मध्ये 180 ग्रेन वजनाचा एकरूप रुपया काढल्यानंतर हे ज्ञान हळूहळू अनावश्यक होत गेले.

नाण्यांतील भेद मिटला तरी मालाच्या भावातील स्थानभेद कायम राहिला. खेड, म्हणजे आजचे राजगुरुनगर, या तालुक्यातील चाकण ही कांद्याची प्रसिद्ध पेठ होय. महाराष्ट्रातील जुन्या बाजारांत उपरण्याखाली हात धरून बोटांच्या खुणांनी सौदा ठरविण्याची, 'हत्ता' नावाची पद्धत होती. माल ज्याचा, त्या शेतकऱ्यासच भाव कळत नसे. 1939 चा मुंबई प्रांताचा कायदा व पुढे 1963 चा महाराष्ट्राचा कायदा यांनी बाजार नियंत्रित केले, आणि उघड लिलावाची पद्धत रूढ झाली. 2000 मध्ये सुरू झालेल्या 'अ‍ॅगमार्कनेट' या केंद्रीय योजनेमुळे बाजारांतील आवक आणि क्विंटलमागे किमान, कमाल व सर्वसाधारण दर सर्वत्र पाहता येऊ लागले. तथापि चाकण व पुणे येथील दरांत फरक दिसला, तर तेवढा नफा पदरात पडेल असे खेडचा शेतकरी मानीत नाही. प्रत, वाहनाचे भाडे, हमाली व तोलाई यांचा हिशेब तो मनातच करतो, कारण तो कोष्टकात लिहिलेला नसतो.

कोरियाच्या उदाहरणात हीच गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. तेथे 'कॉर्बिट' हे विनिमय केंद्र 2013 मध्ये, तर 'अपबिट' ऑक्टोबर 2017 मध्ये सुरू झाले. भांडवल देशाबाहेर नेण्यावरील निर्बंध आणि परकीयांना तेथील व्यवहारांत असलेली अडचण यांमुळे बिटकॉइनचा वॉनमधील भाव इतर देशांतील भावाहून वेगळा राहिला. या अधिक दरास 'किमची प्रीमियम' म्हणतात; जानेवारी 2018 मध्ये तो 40 टक्क्यांहून अधिक झाला होता. 8 जानेवारी 2018 रोजी 'कॉइनमार्केटकॅप' या भावसंग्राहकाने पूर्वसूचना न देता कोरियन केंद्रांचे भाव आपल्या सरासरीतून वगळले. त्यामुळे प्रत्यक्ष व्यवहार न होताही दर्शनी भाव घसरला, आणि ती घसरण खरी समजून अनेकांनी विक्री केली. येथे प्रत्येक आकडा आपल्या जागी बरोबर होता; सरासरी कशाची हे मात्र वाचणाऱ्यास ठाऊक नव्हते.

एजंटांसाठी भाव आणणाऱ्या साधनाची कसोटी येथेच लागते. वॉनमधील भाव घेणे, वॉन व डॉलर यांचा त्याच क्षणीचा दर दुसरीकडून मिळविणे, आणि बाहेरील भावाशी तुलना करून फरक काढणे, असे हे काम आहे. यांपैकी एक आकडा जुना असला तरी फरक खोटा ठरतो. शिवाय अपबिटवर दिवसाची उलाढाल दोन रीतींनी मिळते : कोरियातील सकाळी 9 पासूनची, म्हणजे भारतातील पहाटे 5:30 पासूनची, आणि मागील 24 तासांची. दोहोंस 'आजची उलाढाल' म्हटले, तर हत्त्याच्या उपरण्याइतकीच अस्पष्टता पुन्हा निर्माण होते.

सराफ आणि अडत्या यांना स्थळ, काळ, नाणे व प्रत यांचे भान व्यवसायामुळेच असे. ते लिहून ठेवण्याची गरज त्यांना भासत नसे. संगणकीय एजंटास मात्र जे लिहून दिले तेवढेच उपलब्ध असते, आणि मनुष्याने विचारण्यापूर्वीच तो निर्णय घेऊ शकतो. दोन बाजारांतील फरक हा बहुधा हाती लागणारा नफा नसून, त्यांच्यामध्ये उभ्या असलेल्या अडथळ्याचे माप असतो. म्हणून ठिकाण, चलन, वेळ व गणनेची रीत यांची नोंद भावाबरोबर ठेवणे हे साधन रचणाऱ्याचे कर्तव्य ठरते. आणि उद्या हेच आकडे पुरावा म्हणून वापरणाऱ्या इतिहाससंशोधकासही त्या नोंदीवाचून त्यांचा अर्थ लावता येणार नाही.