तीन अक्षरांचे घराणे

बीड शहराच्या दक्षिणेला खजाना विहीर आहे. अहमदनगरच्या निजामशाहीत, सोळाव्या शतकात, सलाबतखानाने ती बांधली. खजिन्यातला पैसा या विहिरीत घातला म्हणून हे नाव पडले, असे आमच्याकडे सांगतात. तिचे पाणी भुयारी कालव्याने शिवारात नेलेले.

लहानपणापासून ऐकलेल्या या नावाचे मला कधी काही वाटले नाही. पुढे ‘मॅगझिन’ या इंग्रजी शब्दाचे मूळ वाचले आणि थबकलो. अरबीत ख, ज, न या तीन वर्णांत साठवण्याचा अर्थ आहे. त्यातून खजाना आणि खजिना. साठवणीची जागा ती ‘मखजन’, आणि अशा अनेक जागा म्हणजे ‘मखाजिन’. हाच शब्द इटालियन आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला. आधी त्याचा अर्थ कोठार, विशेषतः दारूगोळ्याचे कोठार. १७३१ मध्ये लंडनला ‘जंटलमन्स मॅगझिन’ निघाले, ते माहितीचे कोठार म्हणून. पुढे हा शब्द नियतकालिकालाच चिकटला. म्हणजे बीडची विहीर आणि लंडनचे मासिक एकाच घराण्यातले!

आजची मुले स्पर्धा परीक्षेसाठी इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करतात. ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणे हे एकदा कळले, की इम्पोर्ट, एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट हे तिन्ही शब्द लक्षात राहतात. आपल्याकडे आहार, विहार, संहार यांचे तसेच. अरबीची रीत मात्र निराळी. तिथे बहुधा तीन व्यंजने कायम राहतात. स्वर बदलतात, मागेपुढे एखादे अक्षर जोडले जाते आणि नवा शब्द तयार होतो.

याचे धडे घ्यायला अरबस्तानात जायला नको. गेवराईच्या, केजच्या किंवा आष्टीच्या तहसील कचेरीत जावे. ह, स, ल म्हणजे मिळवणे. हाशील, तहसील, महसूल ही त्याची लेकरे. महसूल म्हणजे गोळा झालेले. द, ख, ल म्हणजे आत येणे: दाखल, दाखला, दखल. ख, र, ज म्हणजे बाहेर जाणे: घरातला खर्च आणि कोर्टात खारीज झालेला अर्ज, दोन्ही त्यातलेच. हजर, हजेरी, हुजूर आणि जुन्या निवाड्यांतला महजर यांचे मूळही एक. सर्वांना हजर ठेवून केलेला कागद तो महजर. आणि ज्याच्या अमलात हे सारे चालले तो निजाम? तोही इंतजामाचा सख्खा भाऊ.

त्यातही गंमत वाटते ती ‘मंजूर’ची. नजर, नाझर आणि मंजूर यांचे मूळ एक. मंजूर म्हणजे मुळात पाहिलेले, वरिष्ठांच्या नजरेखालून गेलेले. कागद साहेबांच्या टेबलावर महिनोन्‌महिने पडून राहिला, तर तो मंजूर कसा होणार?

एक सावधगिरी हवी. नजर आणि नजराणा कानाला सख्खे वाटतात, पण ते भाऊ नव्हेत. अरबीत या दोन शब्दांतले ‘ज’ वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात. मराठीत ते एकच झाले, आणि परकी माणसे एका घरातली दिसू लागली.

हे शब्द आले राज्यकारभारातून. बहामनी राज्य १३४७ चे, मग निजामशाही, मुघल आणि १७२४ पासून हैदराबादचे निजाम. दरबाराची भाषा फारसी. हैदराबाद राज्यात १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी वहिवाटीतले पुष्कळ शब्द टिकले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य संपले. लिपी गेली, शब्द मात्र आपल्या तोंडी राहिले.

आमच्या घरी ट्रंकेत एक उर्दू कागद होता. वडिलांनी तो जपला, पण आम्हा भावंडांत कोणालाच वाचता येत नव्हता. शेवटी आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध गुरुजींनी तो मोठ्याने वाचून दाखवला. अर्जदार, हजर, दाखल, मंजूर... निम्मा कागद मला ऐकताच कळला! डोळ्यांना जो परका होता, तो कानांना घरचा निघाला. उरलेला निम्मा गुरुजींनी सांगितला. गुरुजी आता नाहीत.

हा काही केवळ शब्दांचा खेळ नाही. २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळातली दप्तरे पुन्हा उघडली. तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची वाण जाणवली. एका ओळीवर कुणाची जात, कुणाची जमीन, कुणाचा हक्क ठरतो. आणि ती ओळ वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी.

खजिना जपून ठेवणे ठीक, पण त्याची किल्ली हरवली तर तो असून नसून सारखाच. आपल्या मुलांनी इंग्रजी शब्द जरूर पाठ करावेत. त्यांतल्या दोन-चार जणांनी उर्दूची आणि मोडीची अक्षरेही गिरवावीत. निम्मे शब्द त्यांना आधीच येतात.