रबिंग कंपाउंडचं कूळ

धुऊन पुसून उन्हात उभी केलेली काळी गाडी बॉनेटकडून पाहिली, की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात. ते ओरखडे मुळात गोल नसतात. सगळ्या दिशांना पसरलेल्या बारीक रेघांपैकी ज्या प्रकाशाला आडव्या पडतात तेवढ्याच चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळ भासतं. गॅरेजवाले ‘कंपाउंड मारून देतो’ म्हणतात ते याच रेघांवर. आणि कंपाउंडही करतं काय, तर रंगावर आणखी ओरखडेच पाडतं. फक्त ते डोळ्याच्या पकडीत येत नाहीत.

न्यूटनला हे पक्कं कळलं होतं. १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’मध्ये त्याने लिहून ठेवलंय, की पॉलिश करणारी पूडही काच ओरबाडतच असते, कण जितके बारीक तितके ओरखडे बारीक. दुर्बिणीचा धातूचा आरसा त्याने स्वतः घोटला. ती कृती त्याने इतकी बारकाईने दिली आहे की वाचताना हात दिसतात. पुट्टी, म्हणजे कथलाचं ऑक्साइड, आधी पाण्यात धुऊन जाड कण काढून टाकायचे. मग ती पिचच्या, म्हणजे डांबरासारख्या चिकट पदार्थाच्या, मऊ थरावर पसरायची आणि तांब्याच्या साच्याने घोटत राहायची, घासण्याचा आवाज बंद होईपर्यंत. त्यानंतरच आरसा तिच्यावर ठेवून दोन-तीन मिनिटं झपाझप फिरवायचा. कापणारा कण, त्याला धरून ठेवणारी मऊ गादी, आणि वापरता वापरता कणाचं बारीक होत जाणं: कंपाउंडच्या डब्यातली सगळी विद्या इथे आलीच.

गाड्यांकडे ती घोडागाडीच्या कारखान्यांतून आली. तिथे तेलाच्या व्हार्निशचे थरावर थर चढत, प्रत्येक थर वाळायला दिवस लागत, आणि मधल्या थरांना प्यूमिसचा दगड व पाणी घेऊन घासावं लागे. शेवटी रॉटनस्टोन नावाच्या ठिसूळ दगडाची मऊसूत भुकटी. सुरुवातीच्या मोटारीही अशाच रंगत, आठवडेच्या आठवडे.

कण मात्र अजून निसर्ग देईल तोच होता. आपल्याकडचे रत्नं घासणारे कारागीर लाखेत कुरुंदाची पूड कालवून त्याची चाकं करत. या हिंदुस्थानी कुरुंदावर चार्ल्स ग्रेव्हिलने १७९८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला. पुढे १८९१ मध्ये पेनसिल्व्हेनियात एडवर्ड ॲचेसनने माती आणि कोक विजेच्या भट्टीत तापवून सिलिकॉन कार्बाइडचे स्फटिक मिळवले. त्याचे पहिले गिऱ्हाईकही रत्नांना पॉलिश करणारेच होते. थोड्याच वर्षांत कुरुंद, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, भट्टीत बनू लागला. आज बहुतेक कंपाउंडांत कापण्याचं काम तोच करतो. आता कण हव्या त्या मापाचा मिळू लागला, आणि निवडीचा प्रश्न खरा तिथून उभा राहिला.

रबिंग कंपाउंड मोटारधंद्यात घट्ट रुजलं ते ड्यूकोमुळे. ड्यूपाँ कंपनीचा हा नायट्रोसेल्युलोज लॅकर १९२४च्या मॉडेलच्या निळ्या ओकलंड गाड्यांवर आला. आठवड्यांचं वाळणं तासांवर आलं. पण लॅकर फवाऱ्यातून उतरल्यावर मंद दिसे. त्याची चमक घासून काढावी लागे, तीही कारखान्यातच. म्हणजे कंपाउंड ही तेव्हा दुरुस्ती नव्हती, रंगकामाचीच शेवटची पायरी होती. थ्रीएमचा पाण्यात घासायचा पॉलिश पेपर, आपला वॉटर पेपर, १९२१चाच. त्यामुळे रंगशाळेतली धूळ बसली. आपल्याकडे ड्यूको हे नाव अजून जिवंत आहे, गाड्यांपेक्षा कपाटांच्या दारांवर जास्त.

लॅकरचे थर पुष्कळ असत आणि रंग वरपासून खालपर्यंत एकच. घासताना फडक्यावर रंग उतरे, पेंटरला किती निघालं ते दिसे, दोन वर्षांनी पुन्हा घासलं तरी चाले. त्या सवयीला १९८०च्या दशकात धक्का बसला. रंगाचा पातळ थर आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट, ही पद्धत तेव्हा सर्रास झाली. कारखान्याचा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. उन्हापासून रंगाला वाचवणारी रसायनं याच थरात असतात. तो कडक असल्याने जुन्या जाड कंपाउंडचे ओरखडे त्यावर राहून जातात, आणि फडक्यावर काहीच उतरत नसल्याने किती निघालं याचा पत्ता लागत नाही. मला याचं फार वाईट वाटतं की कित्येक चांगल्या गाड्या लोकरी पॅड आणि जाड कंपाउंडने दरवर्षी ‘चमकवून’ कायमच्या उघड्या पाडल्या जातात.

म्हणून हल्ली जाणते लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात. दोन वितींचा तुकडा टेपने आखायचा. सर्वांत सौम्य पॉलिश, मऊ फोमचा पॅड, चार-पाच हात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टॉर्च धरायचा. हे पुसणं सोडू नये. बऱ्याच स्वस्त कंपाउंडांत तेल आणि मेण असतं. ते ओरखड्यात भरून बसतं, गाडी शोरूममधून आल्यासारखी वाटते आणि दोन-तीन धुण्यांत सगळ्या रेघा परत येतात. सिलिकॉन असेल तर पुढे कधी रंग मारताना त्यावर खड्डे पडतात, पेंटर ज्याला फिश आय म्हणतात.

पुसल्यावरही रेघा दिसल्या तर आधी पॅड बदलावा, कंपाउंड नंतर. फोमवरून मायक्रोफायबरवर गेलं की तेच द्रव्य जास्त कापतं. वापरता वापरता तुटणाऱ्या कणांचं कंपाउंड असेल तर ते मध्येच थांबवू नये, नाहीतर जाड कणांच्या रेघा तशाच राहतात. न तुटणाऱ्या कणांचं असेल तर रेघ गेली की लगेच थांबावं. २००० नंबरच्या वॉटर पेपरच्या खुणा असतील तरच जाड कंपाउंड लागतं, आणि त्यानंतर बारीक हात द्यावाच लागतो. दाराच्या कडा आणि बॉनेटच्या घड्या टेपने झाकाव्यात; तिथे क्लिअर कोट पातळ असतो आणि बफिंग मशीन तिथेच आधी रंग जाळतं. नख अडकेल इतका खोल ओरखडा कंपाउंडने काढायला जाऊ नये, तिथे टचअपच करावा.