मॅराडोना आमचा, पण देश?

कल्पना करा, वर्ल्ड कपची सेमीफायनल तुमच्याच शहरात आहे. तुमचा देश खेळतोय. आणि समोरच्या टीमचा कॅप्टन कोण? तर ज्याचा फोटो तुमच्या घरात देवाशेजारी लावलाय, तोच! आता ओरडायचं कुणासाठी?

३ जुलै १९९० रोजी इटलीतल्या नेपल्स शहरावर नेमकी हीच वेळ आली. मॅच होती इटली विरुद्ध अर्जेंटिना, आणि तो कॅप्टन होता दिएगो मॅराडोना.

हा पेच समजायला थोडं मागे जाऊ. १८६१ मध्ये इटली एक देश झाला खरा, पण श्रीमंत उत्तर आणि गरीब दक्षिण ही दरी काही बुजली नाही. नेपल्स दक्षिणेतलं. तिथला नापोली क्लब उत्तरेत खेळायला गेला, की प्रेक्षकांतून घोषणा यायच्या, व्हेसुव्हियस ज्वालामुखीने यांना आगीने धुवून काढावं! लीगची ट्रॉफीसुद्धा बहुतेक वेळा उत्तरेकडच्याच क्लबांकडे जायची. १९८४ मध्ये मॅराडोना नापोलीत आला आणि चित्र पालटलं. १९८७ मध्ये नापोलीने पहिल्यांदा लीग जिंकली, १९९० मध्ये दुसऱ्यांदा. ट्रॉफी होतीच हो, पण शहराला त्याहून मोठं काहीतरी मिळालं होतं. मान वर करून चालता येत होतं.

आणि त्याच मॅराडोनाने सेमीफायनलच्या आधी नेपल्सला साद घातली. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा, की वर्षभर तुम्हाला परकं समजणारे लोक आज एका दिवसापुरतं इटालियन व्हा म्हणतायत. यात त्याचा स्वार्थ होता का? होताच. प्रेक्षक फुटले तर त्याला हवेच होते. पण तो बोलला ते खोटंही नव्हतं, आणि म्हणूनच ते झोंबलं.

मग लोकांनी काय केलं? स्टेडियममध्ये एक बॅनर झळकला. त्याचा आशय होता, मॅराडोना, आमचं तुझ्यावर प्रेम आहे, पण आमचा देश इटली आहे. बहुतेकांनी इटलीलाच साथ दिली. मात्र इतर शहरांत अर्जेंटिनाच्या राष्ट्रगीतावर शिट्ट्यांचा भडिमार झाला होता, तसा इथे झाला नाही.

स्किलाचीने १७व्या मिनिटाला इटलीला पुढे नेलं. ६७व्या मिनिटाला कॅनिजियाने हेडरवर बरोबरी केली. पेनल्टी शूटआऊटमध्ये अर्जेंटिना ४-३ ने जिंकली. त्यातली एक पेनल्टी मॅराडोनाने मारली, नापोलीच्या घरच्या मैदानावर, शांतपणे. इटलीचं स्वप्न तिथेच संपलं.

पाच दिवसांनी रोमला फायनल. अर्जेंटिनाचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि शिट्ट्यांनी स्टेडियम दणाणलं. पुढच्याच वर्षी डोप टेस्टमध्ये अडकून मॅराडोना नेपल्स सोडून गेला.

आता बघा, त्या रात्री स्वतःच्या देशाला हरवणाऱ्या माणसाला नेपल्सने कायमचं झिडकारलं असतं, तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण २०२० मध्ये तो गेला, आणि काही दिवसांतच शहराने त्याच स्टेडियमला त्याचं नाव दिलं. जिथे त्याने इटलीला रडवलं, तिथेच!

लोक विचारतात, नेपल्स त्या रात्री नेमकं कुणाच्या बाजूने होतं? मला वाटतं, प्रश्नच चुकतोय. ज्यांना वर्षभर आपलं म्हटलं नाही, त्यांच्याकडे एका रात्रीपुरती निष्ठा मागायची कशी? तरीही नेपल्सने ती दिली, आणि मॅराडोनावरचं प्रेमही सोडलं नाही.

तुमच्या टीमला रडवणारा, पण मनातून आवडणारा असा खेळाडू कोण? जरूर कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!