संगणकाचा ताप आणि पंख्याची निवड

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारें १७ किलोमीटरांवर वाडी रत्नागिरीचा डोंगर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारें ३,१०० फूट उंचीच्या या माथ्यावर श्रीजोतिबाचें स्थान आहे. तेथील सध्यांचें मुख्य मंदिर १७३० सालीं राणोजी शिंदे यांनीं बांधविलें. शेजारचें केदारेश्वराचें मंदिर १८०८ सालीं दौलतराव शिंदे यांनीं उभारलें. चैत्री पौर्णिमेस येथें लाखों यात्रेकरू जमतात, गुलालानें आसमंत लाल होतो आणि उंच सासनकाठ्या नाचूं लागतात. दिवस ऐन उन्हाळ्याचे. डोंगराच्या उघड्या कडेवर उभा असलेला मनुष्य वाऱ्यानें सुखावतो. पण तोच मनुष्य देवळाकडे जाणाऱ्या पायऱ्यांवरील दाटींत शिरला म्हणजे घामानें निथळूं लागतो. डोंगर तोच, वाराहि तोच. मग फरक कशाचा? फरक वाटेचा. मोकळ्या जागेंतून वारा सहज वाहतो. दाटींतून जावयाचें तर त्यास मागून रेटा लागतो.

या साध्या अनुभवांत एका अगदीं अर्वाचीन प्रश्नाचें उत्तर दडलेलें आहे. शहरांतील कित्येक घरांतून आतां पाण्यानें थंड होणारे संगणक आले आहेत. त्यांच्या रेडिएटरवर कोणता पंखा बसवावा, म्हणजे यंत्र निवेल आणि घराची शांतताहि मोडणार नाहीं, असें विचारलें जातें. प्रश्न नवा खरा. परंतु पाणी आणि वारा यांस एकत्र जुंपून ताप घालविण्याची विद्या पुष्कळ जुनी आहे, आणि तिचा इतिहास पाहिला म्हणजे दुकानांतील निवड सोपी होते.

अकबर बादशहाच्या कारकीर्दीचें वर्णन करणाऱ्या ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथांत अबुल फजल यानें वाळ्याच्या मुळ्यांनीं बांधलेल्या आणि पाणी शिंपून गार ठेवलेल्या खोल्यांचा उल्लेख केला आहे. दारांखिडक्यांस वाळ्याचे ओले पडदे लावण्याची चाल पुढें सर्वत्र पसरली. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांतील इंग्रजांच्या बंगल्यांतून दोन प्रकारचीं साधनें दिसत. एक छतास टांगलेला झालरीचा पंखा. दोरी ओढणारा नोकर तो तासन्‌तास हालवीत बसे. दुसरें ‘थर्मँटिडोट’ नांवाचें धूड. ही एक लांकडी पेटी असे. तिच्या बाजूंस वाळ्याचे ओले पडदे आणि आंत हातानें फिरवावयाचें पात्यांचें चाक. झालरीचा पंखा खोलींतील हवा नुसती हालवी. थर्मँटिडोट हवेस दाट मुळ्यांच्या पडद्यांतून ओढून आंत लोटी. हवा हालविणें आणि हवा अडथळ्यांतून नेणें हीं दोन निराळीं कामें आहेत, हा भेद त्या कारागिरांस पुस्तकांवांचून कळला होता. वाळ्याचा पडदा पाण्याची वाफ होऊन गार होतो, आणि रेडिएटरमधलें पाणी बंद नळ्यांत असतें, एवढा फरक खरा. परंतु पंख्यापुढील अडचण दोहोंकडे एकच.

यानंतर यंत्रांचें युग आलें. ज्वलनानें चालणाऱ्या इंजिनाचा ताप नुसत्या हवेनें आवरेना, म्हणून त्याच्याभोंवतीं पाणी खेळविण्यांत आलें. पाण्याचा गुण असा, कीं तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षां तें सुमारें ३,५०० पट उष्णता वाहून नेतें. पण नेलेली उष्णता कोठें तरी टाकावी लागते, आणि ती अखेर हवेंतच टाकावी लागते. हा टाकण्याचा प्रश्न जर्मनींतील डाइमलर कारखान्याच्या विल्हेल्म मायबाख यानें उत्कृष्ट रीतीनें सोडविला. १९०० सालच्या डिसेंबरांत बाहेर पडलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज मोटारीस त्यानें मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला. त्यांत सहा मिलिमीटर रुंदीच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. पृष्ठभाग इतका वाढला, कीं पूर्वी जेथें १८ लिटर पाणी लागे तेथें ९ लिटर पुरूं लागलें. मोटार हळू चाले तेव्हां समोरचा वारा कमी पडे, म्हणून मायबाखनें रेडिएटरच्या मागें एक लहान पंखा लावला. आज संगणकांत दिसणारी जोडी, पातळ पत्र्यांचा रेडिएटर आणि त्यास चिकटलेला पंखा, हिचा मूळपुरुष तो हाच.

कोल्हापूर, सांगली, सातारा या मुलखास ही विद्या परकी राहिली नाहीं. किर्लोस्करवाडीची वसाहत १९१० सालीं उभी राहिली. पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं निघाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरांतील ओतशाळांनीं इंजिनांचे आणि पंपांचे सुटे भाग ओतून नांव मिळविलें. विहिरीवर धडधडणाऱ्या इंजिनाशेजारचा पाण्याचा हौद येथील शेतकऱ्याच्या पूर्ण परिचयाचा होता. हौदांतलें पाणी इंजिनाचा ताप घेऊन परत येई आणि उघड्या हवेंत निवे. इंजिन नवें तर हौद किती मोठा हवा, हा हिशेब गांवोगांवचे मिस्त्री तोंडी करीत.

आतां संगणकाकडे वळावें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० सालीं चालूं झाला. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि प्रत्येक नळी म्हणजे एक लहानसा दिवाच. तेव्हां गणिताइतकीच उष्णतेचीहि व्यवस्था पाहावी लागे. अमेरिकेंत त्याच दशकांत आय.बी.एम. कंपनीनें मोठ्या गणकयंत्रांस पाण्याचा आश्रय दिला. १९८५ सालच्या क्रे-२ या यंत्राचीं तर सारीं मंडलें एका विद्युत्‌रोधक द्रवांत बुडविलेलीं होतीं. पुण्यास १९८८ सालीं प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झालें आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ तयार झाला. पुढें २०१९ सालीं पुण्याच्याच आयसर संस्थेंत बसविलेल्या ‘परम ब्रह्म’ यंत्रांत द्रव थेट तापणाऱ्या भागापर्यंत नेण्यांत आला.

या इतिहासांत सर्वांत बोधप्रद उदाहरण पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचें आहे. तेथील ‘प्रत्यूष’ हा क्रे एक्स-सी ४० जातीचा संगणक ८ जानेवारी २०१८ रोजीं राष्ट्रास अर्पण झाला. दर सेकंदास सुमारें ४,००० लक्ष कोटी गणिती क्रिया करण्याची त्याची शक्ति. या जातीच्या यंत्रांत कपाटांची रांग असते; रांगेंतून हवा आडवी वाहते, आणि एका कपाटांत तापलेली हवा पुढच्या कपाटांत शिरण्यापूर्वीं पाण्याच्या नळ्यांच्या जाळींतून जाऊन निवते. प्रत्येक भागास स्वतंत्र लहान पंखे न लावतां मधून मधून मोठ्या पंख्यांचीं कपाटें ठेवलेलीं असतात. २०२४ सालीं याच संस्थेंत ‘अर्क’ हा अधिक बलवान संगणक आला. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्यें पंचगंगेच्या महापुरानें कोल्हापूरास वेढा दिला, हें कोणी विसरलेलें नाहीं. पावसाचें गणित करणारें यंत्र अशा दिवसांत तापून थांबलें तर चालत नाहीं. शीतन हा तेथें चैनीचा विषय नव्हे. अंदाज वेळेवर हातीं येण्याची ती अट आहे.

घरगुती संगणकांत पाणी शिरलें तें हौशी लोकांच्या हातून. २००० सालच्या सुमारास पाश्चात्त्य देशांतील तरुण मोटारीच्या हीटरचा लहान रेडिएटर आणि मत्स्यालयाचा पंप घेऊन स्वतःच जुळणी करीत. २००४ सालीं ॲपल कंपनीनें आपल्या पॉवर मॅक जी-५ या यंत्राच्या वरच्या प्रतींत द्रवशीतन घातलें. त्यानंतर तयार संच सर्वत्र मिळूं लागले आणि पंख्यांचें एक निराळेंच शास्त्र बनलें. जपानच्या निडेक सर्व्हो कंपनीचा ‘जेंटल टायफून’ हा पंखा रेडिएटरवर मंद आणि जोमदार चालतो म्हणून नांवाजला गेला. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआनें २०१८ सालीं काढलेल्या १२० मिलिमीटरच्या एका पंख्यांत पात्यांचें टोक आणि चौकट यांमधील फट अवघी अर्धा मिलिमीटर ठेवली. फट मोठी असली म्हणजे दाबलेली हवा तींतून मागें निसटते. म्हणून एवढा खटाटोप.

निवडीचें गणित येणेंप्रमाणें आहे. संगणक ३०० वॅट उष्णता टाकीत आहे असें धरा. हवेचें तपमान १० अंशांनीं वाढूं द्यावयाचें असेल, तर दर सेकंदास सुमारें २५ लिटर हवा रेडिएटरमधून जावी लागते. हेंच काम पाणी दर सेकंदास अवघ्या ७ मिलिलिटरांत करील. म्हणजे वाहून नेण्याची अडचण पाण्याची नसून हवेची आहे. आणि म्हणूनच हजारों रुपयांच्या संचाचा गुण अखेर पंख्यावर ठरतो.

पंख्याच्या खोक्यावर दोन आंकडे ठळक छापलेले असतात. एक, दर मिनिटास किती घनफूट हवा. दुसरा, पाण्याच्या किती मिलिमीटर उंचीइतका दाब. पहिला आंकडा पुढें कांहींहि अडथळा नसतांनाचा असतो. दुसरा वाट पूर्ण बंद केली असतांनाचा. दोन्ही एकाच वेळीं कधींच मिळत नाहींत. रेडिएटरवर पंखा या दोहोंच्या मध्यें कोठें तरी काम करतो. केवळ पहिला आंकडा पाहून घेतलेला पंखा झालरीच्या पंख्यासारखा ठरतो. मोकळ्यांत भरपूर वारा, दाटींत निरुपाय. रेडिएटरचे पत्रे दर इंचास वीस-बावीस इतके दाट असतील तर दाब अधिक देणारा पंखा हवा; आठ-दहा इतके विरळ असतील तर मंद पंखाहि भागवितो. ज्यास शांतता हवी त्यानें विरळ पत्र्यांचा, पण लांबीरुंदीनें मोठा रेडिएटर घ्यावा, हें यावरून ओघानेंच आलें.

आवाजाचा हिशेब तर याहून चमत्कारिक आहे. पंख्याचे फेरे निम्मे केले तर हवा निम्मी होते, दाब चौथाई होतो, आणि लागणारी शक्ति अष्टमांश होते. आवाज मात्र सुमारें १५ डेसिबलनीं उतरतो. सारखा आवाज करणारा दुसरा पंखा शेजारीं लावल्यानें केवळ ३ डेसिबल वाढतात. आतां एका वेगवान पंख्याऐवजीं दुप्पट आकाराच्या रेडिएटरवर निम्म्या फेऱ्यांचे दोन पंखे लावले, तर एकूण हवा जवळजवळ तेवढीच जाते, वीज चौथाई लागते आणि आवाज सुमारें १२ डेसिबलनीं कमी होतो. मनुष्याच्या कानास १० डेसिबलांचा उतार म्हणजे आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. त्याच न्यायानें १२० मिलिमीटरच्या पंख्यापेक्षां १४० मिलिमीटरचा पंखा बरा. त्याचा घेर सुमारें ३६ टक्के अधिक क्षेत्र व्यापतो, म्हणून तेवढ्याच हवेसाठीं तो सावकाश फिरतो. पाषाणच्या कपाटांतील मोठे पंखे आणि घरांतील हा लहान पंखा यांस एकच नियम लागूं आहे.

आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, आवाजापेक्षां आवाजाचे चढउतार अधिक त्रास देतात. संगणकाचा मेंदू क्षणांत तापतो व क्षणांत निवतो. पंखा त्याच्या तालावर फिरविला तर तो सारखा हुंदके दिल्यासारखा वाजतो. पाणी सावकाश तापतें. म्हणून पंख्याचे फेरे पाण्याच्या तपमानावर बांधावेत. मग तो एका सुरांत राहतो. चार तारांच्या पंख्यांत ही सोय सुलभ आहे. दुसरी गोष्ट धुळीची. पत्र्यांत धूळ बसली, कीं विरळ जाळीहि दाट होते आणि उत्तम पंखाहि दुबळा ठरतो. तेव्हां महिन्या-दोन महिन्यांनीं ती झाडून काढणें, हें नव्या पंख्याइतकेंच गुणकारी आहे.

मात्र पाण्याकडून अशक्य तें मागूं नये. रेडिएटरमधलें पाणी खोलींतील हवेहून कधींहि थंड होऊं शकत नाहीं. वैशाखांत खोली ३६ अंशांवर असेल तर पाणी त्याहून वरच राहील. शिवाय यंत्रांतून काढलेली उष्णता नाहींशी होत नाहीं. ती त्याच खोलींत पडते. ३०० वॅटचा संगणक तासन्‌तास चालविणें म्हणजे एक लहान शेगडी पेटवून ठेवणेंच होय. म्हणून पंख्याचा विचार करतांना खिडकीचाहि विचार झाला पाहिजे. एकाच खोलींत मुलगा संगणकावर काम करीत असतो, आजी विसावलेली असते आणि धाकटी बहीण परीक्षेचें पाठांतर करीत असते, अशीं घरें शहरांतून पुष्कळ आहेत. तेथें एका कर्कश पंख्याची किंमत त्याच्या विक्रीच्या पावतीवर येत नाहीं. ती घरांतील इतर माणसें भरीत असतात. वाऱ्यास वाट मोठी करून द्यावी, म्हणजे त्यास ओरडावें लागत नाहीं, एवढेंच थर्मँटिडोटपासून प्रत्यूषपर्यंतच्या साऱ्या खटपटीचें सार आहे.